शाळेसाठी पन्नास हजार जमलेत: रोबोट घ्यायचा की ओळंबा?

तिसरा_बाक | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव कोल्हापूरपासून बारा-पंधरा किलोमीटरवर. गावच्याच हायस्कुलात दहावीपर्यंत शिकलो, तिसऱ्या बाकावर बसून. आता शिरोलीला एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतो. आमच्या बॅचनं मेळावा केला आणि वर्गणीतून उरलेले पन्नास हजार शाळेला द्यायचे ठरवले. विज्ञानासाठीच द्यायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

मग एक विक्रेता आला. 'स्टेम लॅब' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून मोठ्ठं रंगीत पुस्तक घेऊन. त्यातलं सगळ्यात स्वस्त पॅकेज नेमकं आमच्या पैशात बसणारं. त्यात काळ्या रेषेवरून आपोआप चालणाऱ्या दोन गाड्या, एक हात हलवणारा रोबोट, भिंतीवर लावायचे तक्ते. मुख्याध्यापक सर एकदम खूश, कारण २६ जानेवारीला पाहुण्यांसमोर चालवून दाखवता येईल.

गाडीचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा मी तिथं होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाला बाजूला घेऊन विचारलं, ही रेषा कशी ओळखते रे? म्हणाला, "सेन्सर हाय." सेन्सर म्हणजे काय? "मशीन हाय." पुढं मलाही विचारायला काही सुचलं नाही.

सहावी ते आठवी मिळून १४० मुलं. विज्ञान-गणिताला दोनच शिक्षक, दोघंही कष्टाळू. मला असं साहित्य हवंय की ज्यात विज्ञान, गणित, भूगोल आणि हातकाम एकाच कामात येईल, आणि जे पोरं स्वतः जोडतील, मोडतील, परत जोडतील. काय घ्यावं? मित्र म्हणतात, रोबोटचा जमाना आहे, तू काय ओळंबा आणि टेप घेऊन बसलायस. खरंच मी मागासलोय का, तेही सांगा.

गंजलेला_पाना | ११ जानेवारी, रात्री ११:१५

मागासलेले नाही, पण रोबोटवर राग काढू नका. बंद डब्यावर काढा. गाडी वाईट नाही, ती चिकटवून, झाकण लावून दिली हे वाईट.

सुटे भाग घ्या. आर्डुइनो, म्हणजे आपण प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका डिझाइन शाळेत तयार झाला, आणि त्याची रेखाटनं त्यांनी सगळ्यांना खुली करून टाकली. म्हणून आज त्याच धर्तीचे बोर्ड स्वस्तात मिळतात. त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. अंतर काढायचं गणित मुलांनी लिहायचं: वेग गुणिले वेळ, भागिले दोन. दोननं का भागायचं, यावर सातवीचा वर्ग अर्धा तास भांडतो. माझा अनुभव आहे.

मजा पुढं आहे. आवाजाचा वेग पुस्तकात सेकंदाला ३४३ मीटर दिलेला असतो, तो २० अंश तापमानाचा. तुमच्याकडे एप्रिलात ३५ अंशांला तो ३५२च्या आसपास जातो. जुनाच आकडा ठेवला तर मीटरमागे अडीच सेंटिमीटरची चूक येते, आणि ती साध्या टेपनं पकडता येते. म्हणजे तुमचा टेप आणि माझा सेन्सर एकाच टेबलावर लागतात. भांडण कशाला?

खडूची_भुकटी | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

शाळेत निघण्याआधी घाईत लिहितेय.

मी नाशिकला महापालिकेच्या शाळेत शिकवते. आठवीत ५८ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. वर दोघांनीही कळीचं सोडून दिलंय, ते म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. किट आलं की त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर पडतो, रजिस्टरला नोंद होते, आणि त्या क्षणापासून ते मुलांचं राहत नाही, माझ्या गळ्यात पडतं. एक तार तुटली तर तपासणीला उत्तर मी द्यायचं. मग मी काय करणार? कपाटात ठेवणार, किल्ली पर्समध्ये. गेल्या शाळेत आठ हजारांचा सूक्ष्मदर्शक मी सहा वर्षांत दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा स्वतःच हाताळला. लाज वाटते सांगायला.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: जी वस्तू मोडली तर मला झोप लागेल, तीच मुलांच्या हातात जाईल. सुतळी, पुठ्ठा, बाटल्या, सायकलचे स्पोक, चार्टपेपर. यांना नंबर पडत नाही.

वर्षातनं एखादं महागडं यंत्र जरूर घ्या, पण पन्नास हजारांतले चाळीस मोडता येण्यासारख्या गोष्टींवर जाऊ द्या. आणि त्यातले काही दोन-तीन वर्षांसाठी राखून ठेवा. फेव्हिकॉल संपतो हो, आणि तो परत कोण आणणार हे कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं.

सोनटक्का | १२ जानेवारी, सकाळी ११:०५

ताई, डेडस्टॉकचं वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तुम्ही म्हणता ते मध्य प्रदेशात फार पूर्वी करून झालंय. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ला सोळा शाळांतून सुरू झाला. पुढे १९८२ला त्यातूनच एकलव्य संस्था उभी राहिली. वर्गात मुलांचे गट, प्रत्येक गटाला किट, मास्तरांनी उत्तर सांगायचं नाही. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. २००२ला सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट!

अरविंद गुप्ता त्याच वातावरणातले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी जो मेकॅनो केला, तो गावच्या सायकलवाल्याकडे जाऊन आजही करता येतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. चौकोन करा, तो लगेच कलतो. चौकोनाला कर्णाची एक काडी द्या, घट्ट बसतो. मग मुलांना मोबाइलचा टॉवर किंवा रेल्वेचा पूल बघायला पाठवा आणि त्रिकोण मोजून आणायला सांगा. भूमिती आणि बांधकाम दोन वेगळे विषय आहेत, हे मुलाला तोवर कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगूही नये.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, 'पुलस्त्य' इमारतीत. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. सप्तर्षींतला तारा आणि पुलं, दोन्ही त्या नावात बसले. गुप्तांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. २०१८ला पद्मश्री मिळाली. दोन्ही शिक्षकांना तिथे एकदा घेऊन जा, एसटीचं भाडं पन्नास हजारांतून द्या.

दुपारची_बस | १२ जानेवारी, दुपारी ३:३०

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलोय. शिरूर तालुका, पुणे जिल्हा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ला सुरू केला. अमेरिकेत इलिनॉयला पीएचडी, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन, आणि मग सगळं सोडून दुष्काळी गावात. त्यांचं म्हणणं असं की प्रयोगशाळा म्हणजे गाव. वेल्डिंग, शेती, वीज-पाणी, घर-आरोग्य, अशी चारही बाजूंची कामं शाळेच्या मुलानं आठवड्यातला एक दिवस करायची, आणि शक्य तर कुणाच्या तरी उपयोगाची करायची. शेजारच्या शाळेला बाक करून दिला आणि तो हलला, तर मार्क जाणं राहू दे, बसणाराच पडतो. तिथे कळतं काटकोन म्हणजे काय ते. २००२ला तिथे अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅबही आली, म्हणजे हातोडी आणि लेझर कटर एकाच छपराखाली.

सोनटक्का, आदर ठेवून एक तक्रार. टाकाऊतून टिकाऊ मला आवडतं, पण त्यात एक धोका आहे. पोरगं घरी नेतं ते खेळणं, आणि खेळणं मोडलं की विषय संपला. काम असेल तर ते पूर्ण करावं लागतं. म्हणून बाक_भाऊंना सांगेन, वस्तूंची यादी करण्याआधी एक काम ठरवा. मग त्याला काय लागतं ते आपोआप कळेल.

आणि गावात एक गवंडी असेलच. त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन शाळेत बोलवा. तो दोरीला तीन, चार, पाच हात मोजून काटकोन टाकतो आणि पाण्याच्या नळीनं लेव्हल काढतो. पायथागोरस आणि पास्कल दोघंही त्याच्या पिशवीत असतात.

केळफूल | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:००

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझा मुलगा सहावीत. दर महिन्याला कुरिअरनं प्रयोगाचा डबा येतो. डब्यात सगळं मोजूनमापून कापलेलं असतं, चूक करायला जागाच नाही. वीस मिनिटांत तयार, एकविसाव्या मिनिटाला पलंगाखाली. बंद करतेय.

तिसरा_बाक | १४ जानेवारी, रात्री ९:२०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. तिळगूळ घ्या.

दुपारची_बस यांचं पटलं. आधी काम ठरवायचं. खडूताईंचा नियम तर मी शाळेत मुख्याध्यापकांना वाचून दाखवला. ते आधी रागावले आणि मग म्हणाले, "कपाट बघायचंय का?" बघितलं. २०११पासूनचं सगळं पॅकबंद.

माझ्या कामाचं एक सांगतो. फौंड्रीत माप घेताना नुसता आकडा चालत नाही. पन्नास मिलिमीटर म्हटलं की लगेच विचारतात, किती इकडं-तिकडं? हे 'इकडं-तिकडं' शाळेत मला कुणी कधी शिकवलं नाही. प्रयोगवहीत सगळ्यांची उत्तरं सारखी यायची, कारण सगळे पहिल्या बाकावरच्या वहीतून उतरवायचे. मला असं काम हवंय की ज्यात सात गटांची सात उत्तरं येतील आणि त्यातलं कुठलं खरं हे पोरांना ठरवावं लागेल.

वर्धेकाठी | १४ जानेवारी, रात्री १०:४५

मग पृथ्वी मोजा की! दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये दोन गावांतल्या सावल्यांवरून मोजली. त्याला दोन्ही गावांच्या कोनांत ७.२ अंशांचा फरक मिळाला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. तेवढ्या दोन गावांतल्या अंतराला पन्नासनं गुणलं की झालं.

आणि नशीब बघा, या धाग्यावर एक जण कोल्हापूरचा, एक नाशिकची. कोल्हापूरचे अक्षांश साधारण १६.७, नाशिकचे २०. रेखांश ७४.२ आणि ७३.८. म्हणजे जवळजवळ एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर. याहून चांगली जोडी महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

लागतं काय? मीटरभर सरळ काठी, ओळंबा, टेप, आलेखकागद. टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) अजून आठवीला नाही, त्याची गरजही नाही. काठी आणि सावली प्रमाणात काढा आणि कोन कोनमापकानं मोजा.

खडूची_भुकटी | १५ जानेवारी, सकाळी ६:४०

मी तयार. माझी आठवी ब सुद्धा तयार. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नाव_लिहिणार_नाही | १५ जानेवारी, दुपारी १:१०

ग्रीकांचीच नावं का? आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं.

वर्धेकाठी | १५ जानेवारी, दुपारी २:३०

होतं ना, आणि चांगलं होतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीच्या गणितांचं प्रकरणच आहे, बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी, धरून. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. १२०७चा शिलालेख आहे तिथे. पण म्हणून आठवी ब नं सावली मोजायची नाही असं होत नाही. काठी उभी करून झाली की बोलू.

तिसरा_बाक | १७ फेब्रुवारी, रात्री ११:००

रंगीत तालीम झाली. अब्रू गेली. पण सगळं सांगतो.

गेल्या शनिवारी दोन्हीकडे एकदम केलं. आमची सरासरी सावली ६१.१ सेंटिमीटर, म्हणजे ३१.४ अंश. नाशिकची ६३.७, म्हणजे ३२.५ अंश. फरक १.१ अंश. दोन गावांतलं अंतर ३६६ किलोमीटर धरून पोरांनी गणित केलं. पृथ्वीचा परीघ आला जवळपास १,२०,००० किलोमीटर. खऱ्याच्या तिप्पट! वर्गात एकानं हळूच विचारलं, "सर, आपण दुसऱ्या ग्रहावर हाय का?"

अंतराचीही एक गंमत झाली. पोरांनी आधी रस्त्याचं अंतर घेतलं होतं, एसटीच्या सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवरून. पुण्यावरून जाताना ते साडेचारशेच्या जवळ जातं. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सावली काय एसटीनं येत नाही." नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मोजली. आता चूक कुठं झाली ते सांगा.

खडूची_भुकटी | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

दादा, तुम्ही सावली किती वाजता मोजलीत?

तिसरा_बाक | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

बाराला. बरोबर बाराला. शिपाईमामांनी घंटाच दिली.

खडूची_भुकटी | १८ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

अरे देवा.

मधल्या सुट्टीत लिहितेय. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावरचं आहे. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. फेब्रुवारीच्या मध्यावर तुमच्याकडे सूर्य डोक्याच्या रेषेत येतो पावणेएकच्या सुमाराला. बाराला मोजलेली सावली लांब येणारच. आमच्या मुलांनी साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण केली आणि सगळ्यात आखूड सावली धरली. घड्याळ बघायचंच नाही, सावलीला विचारायचं. हे मी तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं, माझीही चूक.

गंजलेला_पाना | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

आणखी दोन गोष्टी. एक, काठी. मीटरभर काठी वरच्या टोकाला पावणेदोन सेंटिमीटर कलली की एक अंश गेला. तुमचा सगळा फरकच ३.३ अंशांचा आहे. म्हणजे एक तृतीयांश उत्तर नुसतं काठी वाकडी लावण्यात जाईल. ओळंबा का रोबोट या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं समजा. (हे लिहिताना मला त्रास होतोय.)

दोन, सावलीची कड. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाचा आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक साधारण एक सेंटिमीटरभर धूसर येतं. काठी उंच केली तर धूसरपणाही तेवढ्याच पटीनं वाढतो, फायदा शून्य. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं भलंमोठं सूर्यघड्याळ, २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला सुमारे मिलिमीटरभर सरकते, तिथेही कड नेमकी कुठे ही पंचाईत असतेच. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला पुठ्ठा लावा आणि त्याला बारीक भोक पाडा. खाली सूर्याची गोल प्रतिमा पडेल, तिच्या मध्यापर्यंत मोजा. उंची भोकापर्यंतची धरायची, काठीच्या टोकापर्यंतची नाही.

तिसरा_बाक | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

समजलं. कोनमापक मी करतो. कंपासपेटीतल्यावर अर्धा अंशसुद्धा धड दिसत नाही. पन्नास सेंटिमीटर त्रिज्येचा प्लायवूडचा चतुर्थांश कापतो, त्यावर एक अंश म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. त्याचे दहा भाग पोरं पाडतील. पॅटर्न शॉपचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे.

आता २० मार्चला. विषुवदिनाच्या दिवशी, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा.

वर्धेकाठी | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

खरं तर जवळजवळ कुठलाही दिवस चालतो, दोन्हीकडे एकच दिवस असला म्हणजे झालं. दोन कोनांतला फरक बदलत नाही. पण विषुवदिनाला एक जास्तीची चीज मिळते, ती आत्ता सांगत नाही.

तिसरा_बाक | २१ मार्च, रात्री १०:३०

झालं एकदाचं.

तयारी दोन दिवस चालली. गवंडी आला होता, पाण्याच्या नळीनं पटांगणाची लेव्हल काढून दिली. आम्हाला सपाट वाटत होतं ते पटांगण चांगलंच उताराचं निघालं. गवंड्याचा मुलगा सातवीत आहे आमच्याकडे. त्या दिवशी त्याचा रुबाब बघण्यासारखा होता, नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते हे त्यानं विज्ञानाच्या सरांना सांगितलं. सरांना माहीत नव्हतं. सरांनी ते कबूल केलं, मला फार आवडलं.

१२:२०पासून खुणा सुरू. सगळ्यात आखूड सावली १२:४०च्या आसपास आली. नाशिककरांनी फोन केला, त्यांची १२:४२ला. सात गटांच्या सावल्या २९.७पासून ३०.६ सेंटिमीटरपर्यंत. सरासरी ३०.२, प्लायवूडवर कोन १६.८ अंश. नाशिकची सरासरी ३६.२, कोन १९.९. फरक ३.१ अंश. परीघ ४२,५०० किलोमीटर. खरा आकडा ४०,००० धरला तर सहा टक्के जास्त.

पण मला त्याहून जास्त भावलं ते नंतरचं. पोरं आपणहून म्हणाली, फरक नक्की ३.१च आहे कशावरून? गटागटांत इतका फरक आहे. मग त्यांनी २.९ धरून एक परीघ काढला आणि ३.४ धरून एक. एक आला ४५ हजारांच्या वर, दुसरा ३९ हजारांच्या खाली. फळ्यावर लिहिलं: "पृथ्वी ३९ ते ४५ हजार किमी." इकडं-तिकडं! कुणी शिकवलं नव्हतं. सर म्हणाले, पुस्तकात एकच आकडा आहे. पोरगी म्हणाली, "त्यांच्याकडं एकच गट असेल."

वर्धेकाठींची चीज: त्या दिवशी सावलीच्या टोकाच्या सगळ्या खुणा एका सरळ रेषेत आल्या, बरोबर पूर्व-पश्चिम. फेब्रुवारीत नाशिककरांच्या खुणांची रेष वाकडी आली होती आणि त्यांना वाटलं होतं पोरांनी धसमुसळेपणा केला. फेब्रुवारीची खुणांची शीट त्यांनी टाकून दिली होती, कचऱ्यातून शोधून काढली.

खडूची_भुकटी | २२ मार्च, सकाळी ७:१५

आमच्याकडे एका गटाला धारेवर धरलं सगळ्यांनी मिळून. त्यांची सावली ३७.५ आली म्हणून बाकीचे म्हणाले, हे काढून टाका, सरासरी बिघडते. मी काढू दिलं नाही. कारण सांगा, मग काढा, म्हटलं. पाऊण तास शोधून कळलं की त्यांची टेप पहिल्या सेंटिमीटरला तुटलेली होती आणि ते एकपासून मोजत होते. मग ३७.५चे ३६.५ केले. काढलं नाही, दुरुस्त केलं. त्या पाऊण तासात वर्गाचा इतिहासाचा तास बुडाला. इतिहासाच्या बाई अजून बोलत नाहीत माझ्याशी.

सोनटक्का | २२ मार्च, सकाळी १०:००

त्यांनाही घ्या की सोबत. तुमच्या मुलांनी ३६६ किलोमीटर नकाशावरून घेतले ना? मग तो नकाशा कुणी मोजला, हा प्रश्न त्यांचा आहे.

वर्धेकाठी | २२ मार्च, सकाळी ११:४०

त्याचं उत्तर माझ्या घराजवळ पुरलंय! विल्यम लॅम्बटननं १८०२ला मद्रासपासून मोजणी सुरू केली, साखळ्यांनी पायारेषा मोजून आणि मग त्रिकोणामागून त्रिकोण जोडत. सोबत अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. व्हॉल्व्ह ट्यूबच्या त्रिकोणानं सुरू झालेला धागा त्रिकोणांवरच आला बघा.

दुपारची_बस | २२ मार्च, दुपारी ४:००

हिशोब टाका भाऊ. पन्नास हजारांचं काय झालं?

तिसरा_बाक | २२ मार्च, रात्री ९:५०

टाकतो. ओळंबे सात, टेपा दहा (तुटलेलीच्या बदली एक नाशिकला भेट पाठवतोय), तीस मीटर पारदर्शक नळी, प्लायवूड, पुठ्ठा, सुतळी, व्हॉल्व्ह ट्यूबचं एक अख्खं बंडल. सायकलवाला म्हणाला, दुकान टाकताय का? गवंड्याची मजुरी. त्यानं अर्ध्या दिवसाचे घेतले नाहीत, चहा घेतला. दोन शिक्षकांचं पुण्याला जाणं-येणं. दहा कागदी सूक्ष्मदर्शक घेतले, ते मनू प्रकाश यांचे फोल्डस्कोप. घडी घालून मुलांनीच केले. एक भिजला, कुणाला काही वाटलं नाही. आणि गंजलेला_पाना यांच्या मानासाठी चार आर्डुइनो, आठ सेन्सर, सुट्या तारा. सगळं मिळून एकवीस हजारांच्या आत. उरलेले शाळेच्या खात्यात, पुढच्या दोन वर्षांच्या फेव्हिकॉलला.

मुख्याध्यापक सरांनी ओळंबे डेडस्टॉकला लावायला सांगितले होते. मी म्हटलं, सर, ते हरवायचे आहेत. एक हरवलाय पण.

गंजलेला_पाना | २२ मार्च, रात्री १०:३०

मानाबद्दल आभारी आहे. जूनमध्ये सेन्सर विहिरीवर न्या. काठावरून पाण्याची पातळी मोजायची, दर सोमवारी. शेजारी दगड बांधलेली दोरीपण सोडा. दोघांचा आकडा जुळला नाही तर मला कळवा, जुळला तर कळवू नका.

आणि पाऊस सुरू झाला की सरळ बाजूची बाटली कापून पर्जन्यमापक करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शाळेचं छप्पर मोजा आणि ते पाणी कुठे जातं ते विचारा. तिथून भांडण ग्रामपंचायतीपर्यंत जाईल, पण तो वेगळा धागा.

वर्धेकाठी | २३ मार्च, सकाळी ८:२०

जाता जाता. खडूताई, तुमचं नाशिक आणि आमचं हिंगणघाट, अक्षांशात अर्ध्याच अंशाचा फरक. परीघ मोजायला ही जोडी कुचकामी. पण आमच्याकडे सर्वात आखूड सावली तुमच्या वीस मिनिटं आधी येते. पाच अंश रेखांशाचा फरक आहे म्हणून. उत्तर-दक्षिण काठीनं मोजलंत, पूर्व-पश्चिम घड्याळानं मोजू या का? माझी पुतणी इथल्या शाळेत सातवीला आहे, तिच्या बाईंना विचारून ठेवतो.

खडूची_भुकटी | २३ मार्च, सकाळी ८:३५

सप्टेंबरच्या विषुवदिनाला. पाऊस नसला तर. आणि घड्याळं आदल्या रात्री एकमेकांशी लावून घ्यायची, बाक_दादा, तुम्ही सुद्धा.

तिसरा_बाक | २३ मार्च, सकाळी ९:०२

मामांकडची घंटा काढून घेतलीय.